आकड्यामागची फुलं

रविवार, २ मार्च

ही वही नातीनं, स्वानंदीनं, दिली. वर घुबडाचं चित्र आहे. म्हणाली, आजी, तू सारखं विचारतेस आज काय वार, तर रोज वार लिही आणि खाली काय झालं ते लिही. माझी शाळा चौथीत जत्रेसाठी सुटली ती सुटलीच. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणार कोण, मीच.

काल इथं पोचले. श्रीकांत, माझा मुलगा, घ्यायला आला होता. आइंडहोवनला चिपा बनवायची यंत्रं करतात तिथं तो असतो, आणि राहतो आगगाडीनं दहा मिनिटं पुढच्या या गावात. मला माळ्यावरची खोली दिलीय. छपराला तिरकी खिडकी, पडल्या पडल्या ढग जाताना दिसतात. ढगांना इथं लई घाई. मी मात्र नव्वद दिवस आहे, त्याहून एक दिवस जास्त राहायला सरकारची परवानगी नाही.

सून ऋता वाळलीय. ती इकडं आली श्रीकांतच्या कागदावर, त्याची बायको म्हणून. कोल्हापुरात हायस्कुलात इतिहास शिकवायची, इथं सात वर्षं घरात. इथली भाषा शिकली, किती ठिकाणी अर्ज केले. आता कुठं तीन महिन्यांचं काम मिळालंय. गावात छपराखाली खेळायच्या फुटबॉलची पगारी टीम आहे, तिला चाळीस वर्षं झाली. तिचा इतिहास हॉलमध्ये मांडायचा, सतरा मेला. मांडणी पसंत पडली तर गावच्या कापड-संग्रहालयात जूनपासून जागा आहे. तिथल्या मोठ्या बाई स्वतः बघायला येणार आहेत.

मी म्हटलं, "फुटबॉलला कसला गं इतिहास? मारला नि गेला."

तर म्हणते, "आई, चार महिने बंद पडलेल्या मागाची गोष्ट तुम्ही मला तीनदा सांगितलीय. तसाच."

बुधवार, १२ मार्च

आज कोबुस आला होता. ही म्हातारी आसामी माझ्याच वयाची, पंच्याहत्तर, पण साडेसहा फूट. दारातून वाकून आला आणि बसल्यावरसुद्धा उभा असल्यासारखा दिसत होता. टीमचे कपडे सांभाळायचं काम पहिल्या दिवसापासून याच्याकडं. दर बुधवारी येऊन ऋताला जुनं जुनं सांगतो, ती लिहून घेते. स्वानंदीची बुधवारी अर्धीच शाळा, म्हणून ती मला मराठीत सांगते. निम्मं सांगते, निम्मं बिस्किटाबरोबर गिळते.

ऐकून मी थक्क झाले. हे गाव म्हणजे आमची इचलकरंजीच. कापडाची मोठी गिरणी होती, ती बंद पडली. शेडमधले माग भंगारात गेले, मोकळी शेड राहिली. पोरांना काम नाही. मग त्या शेडमध्ये पाच-पाच जणांत बॉल खेळायला लागले. जमिनीत मागाच्या तेलाचे डाग, बॉल तिथं आला की खेळणारा आडवा. गोलाची जाळी उरल्यासुरल्या सुतानं विणलेली. टीमचं नाव ठेवलं वेव्हर्स, म्हणजे विणकर. आठ वर्षांनी टीम पगारी झाली, मग देशात पहिली आली, मग शेड पाडली, नवा हॉल झाला.

मी सांगितलं, माझे मालक, श्रीकांतचे वडील, मागावर जॉबर होते, बिघडलेले माग लावून द्यायचे, आणि मी तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. कोबुसनं माझ्याकडं असं बघितलं की हरवलेला भाऊ सापडावा. कांडी कशी भरतात ते मी हवेत करून दाखवलं, त्यानं, तो पण गिरणीतलाच, शटल म्हणजे धोटा फेकून दाखवला. ऋता हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

त्याची बायको टिनेका, ती गिरणीतच शिवणखात्यात. सगळ्या शर्टांचे आकडे तिच्या हातचे. अकरा वर्षांखाली गेली. स्वानंदीनं विचारलं, तुला मुलं किती? म्हणाला, एकही नाही. मग म्हणाला, टिनेका एकही मॅच बघायला आली नाही कधी. छातीत धडधडायचं तिच्या. मॅचच्या वेळी घरी बसून पडदे धुवायची.

जाताना त्यानं सोफ्यावरची माझी वाकळ बघितली, पुण्याकडं गोधडी म्हणतात ती. टाके बोटानं मोजल्यासारखे चाचपले. "मोय, ओमा," म्हणाला. म्हणजे सुंदर आहे, आजी. मी पण सांगितलं, या वाकळेत माझ्या सासूची दोन लुगडी आहेत, मालकांचा कामाचा शर्ट आहे आणि श्रीकांतचं झबलं आहे.

शनिवार, २२ मार्च

मॅच बघितली.

हॉलची जमीन निळी आहे. वरून इतके दिवे की ती विहिरीच्या पाण्यासारखी हलते. पोरं त्या पाण्यावरून पळतात आणि बुडत नाहीत. बूट चीं चीं करतात. बॉल लहान, जड, फारसा उसळत नाही, पायाला मांजरासारखा घोटाळतो. डाव्या पायातून उजव्यात, उजव्यातून पुढच्याच्या. मला एकदम आमची शेड दिसली. शटल इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि मधे कापड वाढतंय. इथं काही वाढताना दिसत नव्हतं, पण वाटत होतं की काहीतरी वाढतंय खास.

मधे डोळा लागला. जागी झाले तर श्रीकांत म्हणाला, "आई, तू झोपलीस तेवढ्यात तीन गोल झाले."

"बघितले मी," मी म्हटलं. खरंच बघितले होते. फक्त ते पिवळ्या शर्टातल्या पोरांनी केले होते, आणि आज आपली पोरं लाल घालून होती, समोरची पांढरं.

गुरुवार, २७ मार्च

कोबुस सायकलला पुढं पेटी जोडून आला. पेटीत भलंमोठं काळं प्लास्टिकचं पोतं. ऋता बाहेर निघाली होती. दारातच दोघं बोलले, पोतं जिन्याखाली ठेवलं. कोबुसनं मला हात केला, पोत्याकडं बोट दाखवलं आणि छातीवर हात ठेवला. गेला.

ऋता चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, जुने शर्ट आहेत त्यात, टाकू नका हं."

"मी कशाला टाकते."

उघडून बघितलं. जुने, चुरगळलेले, काही विटलेले, एकाला बाहीच उसवलेली. मला एवढा आनंद झाला. आमच्याकडं वाकळ शिवणाऱ्या बाईच्या दारात जुन्या कपड्यांचं पोतं ठेवलं की वेगळं सांगावं लागत नाही. ठेवणारा लाजतो, घेणारी विचारत नाही. हेच बघ, साता समुद्रापलीकडं माणसाला माहीत आहे. त्या दिवशी टाके चाचपत होता तेव्हाच मी ओळखलं होतं.

पोतं माळ्यावर घेऊन आले. कुणाला सांगणार नाही. वाकळ पुरी झाली की ऋताच्या हॉलमध्ये सतरा तारखेलाच कोबुसच्या खांद्यावर टाकायची. पोरीला पण बरं वाटेल, कामाच्या ठिकाणी सासूनं काहीतरी केलं म्हणून.

सोमवार, ३१ मार्च

काल पाडवा. गच्चीच्या कठड्याला गुढी बांधली, शेजारीण विचारून गेली, कुणाचा वाढदिवस आहे का. कालच इथल्या लोकांनी घड्याळं तासभर पुढं केली. म्हणजे गुढी उतरवायची कधी, नव्या वेळेला की जुन्या? मी सूर्याला विचारून उतरवली.

आज कात्री लावली. चाळीस शर्ट निघाले. जुने सुती, अंगाला चिकटल्यासारखे मऊ. नवे सुळसुळीत, सुईखालून पळतात, धरून शिवावे लागतात. आकडे मात्र मी कापले नाहीत. दुसऱ्या बाईच्या टाक्यावर कात्री चालवू नये, असं माझी सासू सांगायची. आकड्याभोवती वीत वीत सोडून चौकोन काढले. उरलेल्या कापडाच्या पट्ट्या.

टिनेकाचा हात काय सुंदर. धावदोरा नाही, उलटा टाका, मुंगीएवढा. आकड्याच्या मागं पोरांना टोचू नये म्हणून पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा लावलाय. जाड होत होतं, सुई जाईना, म्हणून एकाचा मांजरपाट हलक्या हातानं उसवला.

आत फुलं.

निळी बारीक फुलं, पिवळ्या जमिनीवर. झग्याचं कापड. दुसऱ्या आकड्यामागं हिरव्या चौकडीचं, ॲप्रनचं असावं. तिसऱ्यामागं जाड, पडद्याचं. एकामागं फिकट गुलाबी, त्यावर बदकं, लहान मुलाच्या कपड्याचं. भाचराबिचराचं असेल कुणाच्या. गिरणीत काम केलेली बाई, कापडाला काय तोटा, आणि ही घरचे तुकडे लावत बसली. मला गंमत वाटली, आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. ढग जात होते.

मंगळवार, १५ एप्रिल

रोज सकाळी ऋता गेली की बसते. मांजरपाट उसवत गेले, एकोणतीस आकड्यांमागं कापड निघालं. शेवटचे अकरा आकडे छापील, त्यांच्या मागं काही नाही, नुसतं चकाकतं.

चौकोन सगळे जोडून झाले. आता आत थर घालून खाली अस्तर लावायचं. अस्तराला जुनी चादर पण काढून ठेवलीय. पण अस्तर लावलं की फुलं झाकली जाणार. तीन दिवस झाले, चादर हातात घेते आणि ठेवते. अस्तर नसलेली वाकळ म्हणजे अंगणात उघडं फिरणारं पोर. तरी हात होत नाही.

दुपारी तीच पांघरून पडले. पातळ आहे, ऊब कसली येणार, पण आली. पोरं दिसली. पिवळी, हिरवी, लाल, सगळ्या सालांची एकदम, माळ्याच्या तिरक्या छपरावर बॉल खेळताना. कुणी घसरत नव्हतं. कोपऱ्यात एक बाई पाठमोरी बसून पडदा धूत होती, मधूनच हात थांबवून ऐकायची.

शुक्रवार, ९ मे

आज लिहायला हात उचलत नाही.

संध्याकाळी ऋता जिन्याखाली शोधत होती. "आई, ते शर्टांचं पोतं बघितलंत? उद्या दोरीवर लावून बघायचे आहेत. पन्नास क्लिपा आणल्यात मी."

मी आनंदानं म्हटलं, "थांब," आणि वरून घेऊन आले. तिच्या समोर दिवाणखान्यात अंथरली. टेबल सरकवावं लागलं.

ऋता खाली बसली. एका आकड्याला हात लावला, मग दुसऱ्याला. स्वानंदी म्हणाली, "आजी, माख नीत," म्हणजे असं करायचं नसतं.

श्रीकांत म्हणाला, "आई, अगं हे प्रदर्शनाचे होते. दर वर्षाचा एक. त्यानं चाळीस वर्षं जपलेले. दुसरे नाहीत जगात."

"त्यानं माझ्यासाठी आणले होते."

"कोण म्हणालं तसं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. छातीवर हात ठेवला होता तो का, हे आता कळलं. जीव लावून जपा, असं तो ऋताला सांगत होता, माझ्या देखत.

ऋता उठली आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, पोरी, मला चार शब्द बोल. मारल्यासारखं तरी बोल.

"काय बोलू, आई? तुम्ही दीड महिना खपून शिवलंय." मग म्हणाली, "सात वर्षांनी कुणीतरी माझ्या हातात काहीतरी दिलं होतं."

एवढंच. मला जेवण गेलं नाही.

शनिवार, १० मे

मी म्हटलं, कोबुसकडं मी पण येणार. चूक माझी, तोंड माझं. श्रीकांत नको म्हणत होता. ऋता म्हणाली, "येऊ द्या त्यांना. मला एकटीला तरी कुठं जमणार आहे."

वाकळ घडी घालून मी छातीशी धरली. ट्रेन नाही, ट्राम नाही, कालव्याच्या कडेनं चालतच गेलो, चौघं. पाण्यात बदकांची पिल्लं होती. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

कोबुसचं घर एवढंसं, खिडकीत पडदे पांढरेशुभ्र. ऋतानं त्याच्या भाषेत सांगितलं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही, आणि माझं नाव तिनं घेतलं नाही, एवढं मला कळलं. ती म्हणत होती, माझ्याकडून झालं. स्वानंदीनं माझ्या कानात सांगितलं, "आई खोटं बोलतेय." मग मी पुढं झाले, छातीवर हात मारला आणि म्हटलं, "मी." हे सगळ्या भाषांत कळतं.

कोबुसनं वाकळ टेबलावर पसरली. आकडे बघितले. चेहरा त्या पांढऱ्या पडद्यासारखा झाला. एक बोट सातावर ठेवलं, पहिल्या सालच्या पिवळ्या, आणि तसाच उभा राहिला.

नवरा गेलेल्या बाईपुढं काय बोलायचं ते मला येतं, बायको गेलेल्या पुरुषापुढं काय बोलायचं ते कुणी शिकवलं नाही. म्हणून मी वाकळेचं टोक धरलं आणि ती उलटी केली.

तो वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. निळ्या फुलांवर हात ठेवून काहीतरी बोलला. स्वानंदी म्हणाली, "गिरणीच्या कॅन्टीनमधल्या नाचाला घातलेला ड्रेस, म्हणतोय. तेव्हा लग्न नव्हतं झालं." मग हिरवी चौकडी. "हा तिचा ॲप्रन." मग जाड पडदा. त्या पडद्याला बघून तो हसला, नाक ओढत. इथं मे महिन्यात पण सर्दी होते. फुलांचा पराग उडतो म्हणे.

गुलाबी बदकांशी आला आणि हात तिथंच राहिला. स्वानंदी विचारणार होती, ऋतानं तिचा दंड धरला. मी पण विचारलं नाही.

खुर्चीत बसून तो पुष्कळ बोलला, ऋताकडं बघून. ती मला सांगत गेली. "म्हणतायत, चाळीस वर्षं धुतले, वाळवले, घड्या घातल्या. आत काही असेल असं कधी वाटलं नाही. दर मॅचला तिला म्हणायचो, चल ना एकदा, आणि ती म्हणायची, तू जा, मी घरी बरी."

"म्हणजे बाई घरी नव्हतीच तर," मी म्हटलं.

ऋतानं ते त्याला सांगितलं. कोबुसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ऋतानं खुर्ची त्याच्या जवळ ओढली, पिशवीतून आपली वही काढली, आणि विचारायला लागली. मास्तरीणबाई झाली एकदम. हा तुकडा कशाचा, कुठल्या सालचा, ती तेव्हा काय करत होती. अंधार व्हायला इथं दहा वाजतात म्हणून बरं, नाहीतर चालत घरी कसे आलो असतो.

रविवार, १८ मे

काल झालं.

ऋतानं वाकळ भिंतीला लावली नाही. निळ्या जमिनीच्या बरोबर मधे, छपराला दोरी बांधून लटकवली. एका बाजूनं चाळीस आकडे, चाळीस वर्षं. मागं गेलं की फुलं, चौकड्या, पडदे. खाली तिनं लहान पाट्या लावल्या होत्या, पुढच्या बाजूला किती गोल, कुणाला हरवलं, मागच्या बाजूला कुठला झगा, कुठला सण. पन्नास क्लिपा तशाच राहिल्या. अस्तर लावू का, असं मी परवा विचारलं होतं, तर म्हणाली, "आई, अस्तर लावलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." चेष्टेनं म्हणाली. चेष्टा करायला लागलीय.

जुने खेळाडू आले, पोटं सुटलेले, टक्कल पडलेले. आपापला आकडा शोधायचे, मग मागं जायचे आणि वाकून कापड बघायचे. एक तुर्की माणूस, पहिल्या टीमचा गोली, आपल्या आकड्यामागचं कापड बघून म्हणाला, या टेबलक्लॉथवर मी जेवलोय.

वारा नव्हता, तरी वाकळ जराशी हलत होती. एवढी माणसं श्वास घेत होती म्हणून असेल. मला वाटलं, ती बाई आता मधोमध उभी आहे, दिव्यांखाली, आणि छाती धडधडत नाहीये.

संग्रहालयाच्या मोठ्या बाई मागच्याच बाजूला जास्त वेळ थांबल्या. शेवटचे अकरा रिकामे चौकोन बघून त्यांनी ऋताला काहीतरी विचारलं, ऋतानं उत्तर दिलं, बाईंनी तिचा हात हातात घेतला. घरी येताना ऋता म्हणाली, "आई, दोन जूनला सुरुवात."

"कागद कुणाचा?" मी विचारलं.

"माझा."

मंगळवार, २७ मे

उद्या विमान. नव्वदातले दिवस संपले. सामान भरून झालं. श्रीकांतनं दोनदा वजन केलं, दोनदा चीज बाहेर काढलं, आणि मी दोनदा आत घातलं.

दुपारी कोबुस आला, एकटाच, हातात पुढच्या मोसमाचा नवा शर्ट. नऊ आकडा त्यानं कापडातून कापून आणला होता, छापील नाही. सुई, दोरा आणि मांजरपाटाचा तुकडा पण. ऋता कामाचे कागद करायला बाहेर होती, स्वानंदी शाळेत. आमच्यात भाषा नव्हती, पण लागली नाही. त्यानं आकडा शर्टावर ठेवला, मधे बोट घालून फट दाखवली, आणि माझ्याकडं बघितलं.

मी कात्री घेतली आणि हॉलमध्ये नेसले होते त्या इरकली साडीच्या पदराचा वीतभर तुकडा कापला. इचलकरंजीत जाऊन सांगेन, पदर विमानाच्या दारात अडकला.

शिवायला तोच बसला. बोटं केळ्याएवढी, टाके असे की चौथीतलं माझं अक्षर बरं. मी खुणेनं म्हटलं, उसव, परत घाल. त्यानं मान हलवली, नाही. वरून मांजरपाट लावला, कडा दुमडल्या, दोरा दातानं तोडला. आता बाहेरून काही दिसत नाही.

ऑक्टोबरात मी दारात ऊन खात बसलेली असेन, आणि कुणीतरी पोरगा त्या निळ्या पाण्यावरून पळत असेल. नंतर कोबुस तो शर्ट धुईल, वाळवेल, घडी घालेल.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मी पण ठेवलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. म्हणून इथं लिहून ठेवलं.